तुम्ही विचारलंत म्हणून: प्रथिन आहे, मग आयोडाइड आत का जात नाही?

‘कर्करोगाच्या पेशीत एनआयएस हे प्रथिन आहे हे तुम्हीच दाखवता, मग ती पेशी आयोडाइड का घेत नाही?’ प्रत्येक सादरीकरणानंतर हा प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याला मी काहीतरी झाकते आहे असे वाटत असते. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सोडियम-आयोडाइड सिम्पोर्टर, म्हणजे एनआयएस, दोन सोडियम आयनांबरोबर एक आयोडाइड आयन आत आणते. पण त्यासाठी ते पेशीपटलावर असावे लागते. थायरॉइडमध्ये टीएसएच हे संप्रेरक एनआयएसचे उत्पादन वाढवते आणि त्याला पटलावर टिकवूनही धरते. स्तनाच्या कर्करोगाच्या बहुसंख्य गाठींत एनआयएस सापडते, परंतु आयोडाइड घेणाऱ्या गाठी मोजक्याच असतात. 1996 मध्ये त्याचे जनुक हाती लागले होते, त्यामुळे प्रथिन वाढवले की पेशी किरणोत्सारी आयोडाइड घेईल, त्याने स्कॅनही उजळेल आणि उपचारही होईल, असे मी एके काळी छातीठोकपणे सांगत असे.

त्या काळातला एक प्रयोग मी फारसा कोणाला सांगत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींना एक औषध देऊन मी किरणोत्सारी आयोडाइड घातले, तेव्हा किरणोत्सार मोजणाऱ्या गॅमा काउंटरवरचा आकडा दुप्पट आला आणि त्याच रात्री मी आलेखही काढून ठेवला. बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एवढेच विचारले, ‘परक्लोरेट कुठे आहे?’ परक्लोरेट एनआयएसचा मार्ग अडवते, म्हणून ते घातल्यावर आकडा कोसळायला हवा. मी मात्र प्लेटमधले पेशींचे कप्पे वाचवण्यासाठी ती तुलनाच गाळली होती. प्रयोग पुन्हा केला, तेव्हा परक्लोरेट घालूनही आकडा तेवढाच राहिला. धुताना आत गेलेले आयोडाइड निसटेल या भीतीने मी बर्फगार द्रावण एकदाच फिरवले होते, आणि औषधाचे कप्पे तर शेवटी, घाईत उरकले होते. मी मोजले ते पेशींबाहेर उरलेले किरणोत्सारी पाणी होते. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर एनआयएसचा हिरवा रंग केंद्रकाभोवती दाटलेला आणि पेशीची कड काळीच.

मी निष्काळजी होते, हे मान्य. पण प्रश्न सोपा होता, हे मान्य नाही. पटलावर पोहोचल्यावरही आयोडाइड आत टिकले पाहिजे, कारण उपचारात वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी आयोडीन-131 चे अर्धायुष्य सुमारे 8 दिवस असते आणि थायरॉइडबाहेरच्या पेशीतून ते बरेच आधी बाहेर पडते. 2013 मध्ये सेल्युमेटिनिब या औषधाने थायरॉइड कर्करोगाच्या 20 रुग्णांपैकी 12 जणांत आयोडीनचे शोषण वाढले, पण उपचाराला पुरेल एवढे फक्त 8 जणांत. तेव्हाची मी यालाच विजय म्हटले असते, आणि त्या 8 जणांपुरते तिचे कदाचित चुकलेही नसते.

आता प्रत्येक प्लेटमधले चार कप्पे परक्लोरेटसाठी राखलेले असतात. उरलेल्या कप्प्यांतला आकडा त्यांच्याहून थोडा वर असतो. तो रुग्णाला पुरेल की नाही, हे मला अजून सांगता येत नाही.