तुम्ही विचारलंत म्हणून: वर्गात मोबाईल हवा का?

पालकसभा असो की लग्नाचा मांडव, मी झेडपीचा मास्तर आहे हे कळलं की प्रश्न ठरलेला. "गुरुजी, वर्गात मोबाईल, टीव्ही हवा का नको?" विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, म्हणून मी बहुतेक वेळा हसून सोडून देतो. आज जरा सांगतो.

माझी शाळा पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला तेव्हा नारळ फोडून पेढे वाटले. पहिला महिना मीही खुळावलो होतो. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा, सरकारच्या दीक्षा या शिक्षणाच्या ॲपवरचा व्हिडिओ लावायचा, की वर्ग चिडीचूप. मला वाटलं, शिकतायत. वीज गेली की मात्र तोच वर्ग पुन्हा माझ्याकडे बघायचा. (ज्याच्या पाण्यावर १९६० मेगावॅटची वीजयंत्रणा चालते ते कोयना धरण आमच्याच तालुक्यात, तरी पावसाळ्यात आमची लाईट दिवसाआड जाते. असो.)

भूकंपाच्या पाठाला डोळे उघडले. पडद्यावर परदेशातल्या इमारती हलल्या, पोरांनी सिनेमासारख्या बघितल्या आणि डबे उघडले. प्रश्न एकही नाही. मग म्हटलं, घरी जा आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपात, काय झालं ते आजी-आजोबांना विचारा. मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हाताऱ्यांचे आवाज घुमले. एक आजी सांगत होती, "आधी मांडणीवरची भांडी वाजली, मग भिंत आली. बा गोठ्यातली दावी कापाय धावला." मागून कोंबडा आरवत होता. त्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी उठेना. भिंत आधी का नाही पडली, जनावरांना आधी कळतं का, धरणाला काय झालं? निम्म्या प्रश्नांची उत्तरं मलाही येत नव्हती. ती शोधायला मग पुन्हा मोबाईलच काढला.

तेव्हापासून मी रेकॉर्डरच जास्त वापरतो. तिसरीतला एक पोरगा अडखळत वाचायचा, पण आपण अडखळतो हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याचं वाचन त्यालाच ऐकवलं. "गुरुजी, ह्यो मी न्हाई," म्हणाला. पुढचा आठवडाभर प्रार्थनेआधी येऊन तोच धडा वाचायचा आणि "परत घ्या" म्हणून मागे लागायचा. मी एकदाही "चुकलं" म्हटलं नाही, गरजच पडली नाही.

गणिताच्या ॲपबद्दल मात्र मला फारसं कौतुक नाही. पोरं चारही पर्याय दाबून बघतात, आणि हिरवी टिक आली की मोकळी. पाढे घोकूनच येतात, निदान माझ्या वर्गात तरी.

हे सगळं परवाच्या सभेत सांगून झाल्यावर एका बापाने विचारलं, "मग पोरासाठी कंचा मोबाईल घ्यावा?"

म्हटलं, "तुमचाच चालंल. त्याला रोज अर्धं पान वाचाय लावा, रेकॉर्ड करा आणि दोघांनी बसून ऐका."

"रोज?" तो म्हणाला, आणि खिशातला वाजणारा मोबाईल घेऊन बाहेर गेला.