भांडी बाजारातलं घंगाळ आणि भाच्याचा इलेक्ट्रॉन

ताईला दारात पाणी भरून फुलं सोडायला पितळी घंगाळ हवं होतं आणि ते म्हणे नाशिकच्या भांडी बाजारातलंच पाहिजे, त्यामुळे श्रावणातल्या एका शनिवारी मी आणि भाचा तपोवन एक्सप्रेसने निघालो. भाचा बारावी सायन्सला. कसाऱ्याला घाट चढायला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागलं, घाटात जिकडेतिकडे धबधबे, आणि हा पठ्ठ्या विंडो सीटला बसून केमिस्ट्री वाचतोय! मधेच म्हणतो, "मामा, पी ऑर्बिटलचे दोन गोळे, मधे नोड, तिथे इलेक्ट्रॉन सापडणारच नाही. मग तो इकडून तिकडे जातो कसा?" (ऑर्बिटल म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन जिथे सापडू शकतो त्या भागाचा आकार.) मला काही सुचेना, म्हटलं आधी वडापाव खा.

नाशिकला उतरून काळ्या रश्श्याची मिसळ हाणली (भाच्याच्या डोळ्यात पाणी, तरी तर्री मागतोय) आणि गंगेवर गेलो. बाहेरचे गोदावरी म्हणतात, नाशिककर गंगाच म्हणणार. धरणातून पाणी सोडलेलं, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आलेलं. नारोशंकराचं देऊळ १७४७ सालचं, तिथली ती मोठी घंटा खालूनच बघितली.

मग भांडी बाजार. दुकानदार काकांनी गळत नाही हे दाखवायला घंगाळ काठोकाठ भरलं आणि काठावर लाकडी दांडकं हाणलं. टणणण... आणि पाण्याकडे बघितलं तर जिथे मारलं तिथे, बरोबर समोर, आणि मधे काटकोनात दोन बाजूंना, अशा चार ठिकाणी पाण्यावर बारीक शहारे, आणि त्यांच्या अधेमधे चार जागा एकदम गप्प. मी काकांना म्हटलं अजून एकदा मारा. काका म्हणे, "आवाजाचीच तर गॅरंटी आहे साहेब, बिनधास्त मारा."

तर भाच्याला म्हटलं, आता सांग, त्या गप्प जागेतून कंपन पलीकडे कसं गेलं? तो म्हणे, जायचं काय त्यात, सगळं घंगाळच थरथरतंय ना. अरे मग तेच! इलेक्ट्रॉनला तू गोटी समजतोस म्हणून नोड ओलांडायची पंचाईत होते. १९२४ मध्ये द ब्रॉयनं इलेक्ट्रॉनलाही तरंगलांबी असते असं मांडलं, १९२६ ला श्रोडिंगरनं त्या लाटेचं समीकरण दिलं, आणि ऑर्बिटल म्हणजे न्यूक्लियसभोवती अडकलेली, जागच्या जागी थरथरणारी उभी लाट, दोन्ही गोळे मिळून एकच. घंगाळ कसं ठरावीकच सूर देतं, तशा ठरावीकच लाटा तिथे बसतात, म्हणून एनर्जी लेव्हल पायऱ्यांसारख्या. गंमत म्हणजे इलेक्ट्रॉन हा कण आहे हे दाखवणाऱ्या थॉमसनला १९०६ चं नोबेल, आणि तो लाटेसारखा वागतो हे दाखवल्याबद्दल त्याच्याच पोराला १९३७ चं. घरात जेवताना काय वाद होत असतील!

आणि पुस्तकात गोळ्यांवर ते प्लस-मायनस छापतात ना, ते चार्ज नाहीत हो, मी स्वतः बीएस्सी होईपर्यंत चार्जच समजत होतो. काठाचा एक भाग बाहेर फुगतो तेव्हा शेजारचा आत जातो, नोडच्या अलीकडे प्लस तर पलीकडे मायनस, बस एवढंच. बहुतेक डी ऑर्बिटलची (हा ऑर्बिटलचा आणखी एक प्रकार) चार पानं पण अशीच, एकाआड एक.

भाचा काही सहज सोडणारा नाही. "पण घंगाळात पितळ हलतं, इथे काय हलतं?" इथे मात्र घंगाळ संपलं. हलणारा पदार्थ नाहीच, त्या लाटेचा वर्ग केला की इलेक्ट्रॉन कुठे सापडायची शक्यता किती ते मिळतं, आणि सापडतो तेव्हा अख्खाच सापडतो, अर्धा इथे अर्धा तिथे असं कधीच नाही. तो गप्प झाला, म्हणजे पटलं नव्हतं.

एवढा वेळ वाजवल्यावर न घेता निघायची सोय नव्हतीच. परतीच्या गाडीत घंगाळ मांडीवर घेऊन बसलो, आणि कल्याण येईपर्यंत भाचा पेनाने काठावर टकटक करत बसलेला, समोरच्या आजी शेवटी वैतागल्या, "अरे, कुणी पूजेला बसलंय का?"