फुलांचा किल्ला कशाला बघायचा?

‘अहो, फूल फुलासारखं बघावं, त्याचा किल्ला कशाला करायचा?’ बंगळुरूच्या लालबागेत पुष्पप्रदर्शन लागलं की पुण्याच्या मावशीपासून शेजारच्या काकूंपर्यंत कुणी ना कुणी हे विचारतंच. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एक आणि ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एक, अशी वर्षातून दोन प्रदर्शनं भरतात. प्रत्येकाला एक विषय असतो, त्यावर फुलांचे किल्ले-पुतळे अशी मांडणी करतात, आणि मी आवर्जून जाते. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

नुसत्या फुलांसाठी येणारा माणूस वेगळा आणि आपल्या माणसासाठी येणारा वेगळा. ऑगस्ट २०२२ मध्ये विषय होता कन्नड सिनेमातले लाडके नट राजकुमार आणि त्यांचा नट मुलगा पुनीत राजकुमार. पुनीतला जाऊन वर्षही झालं नव्हतं. बागकामाशी काडीचा संबंध नसलेली माणसं लेकराबाळांना घेऊन रांगेत उभी होती, आणि पुढे गेल्यावर हात जोडत होती. जानेवारी २०२४ मध्ये संत बसवण्णा आणि त्यांच्या परंपरेचं कानडी वचनसाहित्य, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबासाहेब आंबेडकर. दर वेळी मनात येतं, आपल्याकडे ज्ञानोबा-तुकोबांवर असं प्रदर्शन भरलं तर काय बहार येईल!

ऑगस्ट २०२५ चा विषय मात्र माझ्या घरचाच होता: कित्तूरची राणी चन्नम्मा आणि संगोळ्ळी रायण्णा. माझं आजोळ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. रायण्णा म्हणजे १८२४ मध्ये कंपनी सरकारशी लढलेल्या या राणीचा शिलेदार. १८३१ मध्ये त्याला फाशी दिलं ते आमच्याच तालुक्यातल्या नंदगडला. तिथे मराठी बोलणारी घरं पुष्कळ, आणि रायण्णाची समाधी सगळ्यांचीच. बंगळुरूतल्या गर्दीत एक आजोबा नातवाला कानडीत त्याची गोष्ट सांगत होते, मी शेजारी उभं राहून ऐकली. मला ती लहानपणी मराठीतून ऐकलेली.

आता फुलांच्या किल्ल्याचं. असली मांडणी लांबून बघून निघून जाऊ नका, दोरीपर्यंत जाऊन नीट बघा. आत लोखंडी सांगाडा असतो, त्यावर पाण्यात भिजवलेल्या हिरव्या फोमच्या विटा, आणि त्या विटांत एकेक देठ कापून खुपसलेला. गुलाब, शेवंती, हजारोंनी. देठ फार लांब ठेवला की फूल मान टाकतं, फार आखूड केला की पाणी पोचत नाही. दोन-तीन दिवसांत गुलाबाची बाहेरची पाकळी कडेने काळवंडायला लागते, म्हणून प्रदर्शन चालू असतानाच फुलं बदलावी लागतात. एवढे कष्ट दहा-बारा दिवसांपुरते! मला याचंच अप्रूप वाटतं. उलट फायबरचा पुतळा उभा करून पायाशी चार कुंड्या मांडणं मला पटत नाही, मग ते कुठेही असो. तिथे फुलं नुसती पाहुणी असतात.

हे सगळं ज्या काचघरात मांडतात त्याची पायाभरणी १८८९ ची, बाग त्याहून जुनी, हैदरअलीने १७६० मध्ये सुरू केलेली. पुढे इथे क्रुम्बिगल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ आला, तो आधी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होता. रस्त्याकडेची झाडं अशी निवडायची की एकाचा बहर सरता सरता दुसऱ्याचा सुरू व्हावा, ही त्याची दृष्टी. बंगळुरूचे रस्ते आजही फुलतात त्यामागे तो आहे.

स्पर्धेचा विभाग चुकवू नका. इकेबाना म्हणजे जपानी पुष्परचना, बोन्साय, भाज्यांचं कोरीवकाम असं बरंच असतं, आणि तिथे गर्दीही कमी.

मावशी, जानेवारीतच या. थंडीत पिटुनिया, डायान्थस, साल्व्हिया ऐन भरात असतात. सुट्टीचा दिवस टाळा, सकाळी लवकर निघा, मेट्रोला लालबाग नावाचंच स्थानक आहे. गुडघ्यांची काळजी नको, बागेत बसायला बाकं भरपूर आहेत.