उचलू नका, उतार करा

“ताई, तुम्ही नुसत्या या हो! आमची पोरं आहेत ना, चौघं मिळून अलगद वर नेतील.” कोकणात राहण्याची चौकशी केली की हे हमखास ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याचं मन साफ असतं, यात शंका नाही. तरी अशा ठिकाणी मी जात नाही.

व्हीलचेअर उचलतात तेव्हा नेमकं काय होतं ते सांगते. मदतीला येणारा माणूस हाताला सापडेल ते धरतो. पलंगावर सरकता यावं म्हणून माझ्या खुर्चीची आर्मरेस्ट काढता-घालता येते. तीच धरून उचललं की ती सुटून हातात येते. फूटरेस्टचंही तसंच. कुणी चाक धरतं, आणि चाक त्याच्या हातातच फिरतं. खुर्ची पुढे कलते. माझ्या पाठीच्या कण्याला इजा झालेली आहे, कमरेखाली ताबा नाही, त्यामुळे मी घसरू लागते. मांडीवरून गेलेली कॅथेटरची, म्हणजे लघवीची नळी ताणली जाते आणि ते मला जाणवतही नाही. कळतं नंतर, रात्री ताप चढल्यावर. आणि एवढं सगळं होत असताना दहा-बारा अनोळखी माणसं बघत उभी असतात. अशाने कुठेही पोचले तरी मी फिरायला गेले असं मला वाटत नाही.

उतार करणं फार अवघड नाही. एका इंचाला बारा इंच, हे त्याचं साधं प्रमाण. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांब उतार लागतो. दोन फुटांची फळी टाकली तर ती घसरगुंडी होते, त्यावरून खुर्ची चढवताना मागचा माणूसही पडतो. दाराचंही असंच. माझी खुर्ची या कडेपासून त्या कडेपर्यंत 25 इंच आहे. कितीतरी लॉजमध्ये खोलीचं दार मोठं असतं, पण बाथरूमचं दार 24 इंच. त्या एका इंचापायी आख्खी सहल रद्द होते. म्हणून मी ‘सोय आहे का’ असं विचारत नाही. टेप लावून बाथरूमच्या दाराचा फोटो पाठवा, असं सांगते.

आमच्या मुंबईत काही गोष्टी खरोखर बदलल्या आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. भुयारी मेट्रो ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली. मी माहीमची, त्यामुळे शीतलादेवी स्टेशन जवळचं. लिफ्टने खाली उतरायचं, रुंद गेटातून आत जायचं, आणि फलाट डब्याच्या पातळीला असल्यामुळे सरळ आपल्या हातांनी चाकं ढकलत गाडीत शिरायचं. कुणाचाही हात लागत नाही. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा आहे, पण गाडी अर्धा मिनिटही थांबत नाही आणि डबा व फलाट यांच्यातली फट पुढची चाकं गिळते. आयुष्यभर लोकलच्या शहरात राहून मेट्रोत पहिल्यांदा एकटी बसले, तेव्हा मला रडू आलं होतं.

मात्र स्टेशनाबाहेर आलं की पदपथ. दुचाकी वर चढू नयेत म्हणून लावलेले खांब इतके जवळजवळ असतात की खुर्चीही अडते. या खांबांची मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्वतःहून दखल घेतली. दिव्यांग हक्क कायदा तर 2016 चाच आहे. पण त्याखालच्या नियमांतल्या सुविधांच्या अटी नुसत्या शिफारशीसारख्या ठरत होत्या. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला आणि सरकारला तीन महिन्यांत बंधनकारक मानकं ठरवायला सांगितलं. शाळेच्या गेटापासून सोसायटीच्या जिन्यापर्यंत सगळ्यांनी हे वाचायला हवं.

घारापुरीचं मला फार वाटतं. गेटवेच्या ओल्या दगडी पायऱ्या उतरायच्या, लाँच एकमेकींना खेटून उभ्या असतात, त्यामुळे कधी एकीतून दुसरीत पाय टाकत जायचं. बेटावर पुढे सव्वाशेक पायऱ्या आणि डोली. डोलीवाल्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. डोंगरातली लेणी आहेत, तिथे लिफ्ट बसवा असं मी म्हणणार नाही, आणि त्या माणसांची पावलं एकमेकांशी जुळलेली असतात. माझं म्हणणं धक्क्यापुरतं आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला 2020 पासून रो-रो बोट जाते. तिथे मोटारी उतारावरून थेट बोटीत शिरतात, त्याच उतारावरून खुर्चीही जाते. मोटारीसाठी हे जमलं, तर माणसासाठीही जमवता येईल.

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर 2022 मध्ये वाळूवर लाकडी मार्ग केला, त्यावरून खुर्ची पाण्याच्या जवळ जाते. गिरगाव चौपाटीला आणि दादरला असा कायमचा मार्ग हवा. आईला समुद्र फार आवडतो, आणि माझी चाकं वाळूत रुततात म्हणून तीही कठड्यापाशीच थांबते.

विमानाचं थोडक्यात सांगते. आपली खुर्ची चेक-इनला देऊ नका, विमानाच्या दारापर्यंत तिच्यावरच बसायला मिळावं असा आग्रह धरा. खुर्चीची गादी मात्र सामानात सोडायची नाही, ती विमानातल्या सीटवर घालायची, नाहीतर बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, ठरलेला. बॅटरीची खुर्ची असेल तर कंपनीला दोन दिवस आधी बॅटरीचे वॉट-अवर, म्हणजे तिची क्षमता, कळवा.

अलिबाग, मुरूड, दिवेआगरला ज्यांच्या घरगुती राहण्याच्या सोयी आहेत, त्यांना एक विनंती. सगळ्या खोल्या बदलू नका. तळमजल्यावरची एकच खोली घ्या. बाथरूमचं दार 34 इंच करा, उंबरठा काढा, कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा, अंगणातून ओट्यावर यायला उतार करा. मग जाहिरातीत ‘निसर्गरम्य’च्या खाली हे आकडे छापा. असे आकडे वाचायला मिळाले तर त्याच दिवशी आगाऊ पैसे भरीन, आईचे आणि माझे.