खालची पट्टी

केबलच्या लोकल चॅनलवर कुठला पिक्चर चाललाय याच्याशी आमच्या आईला काही देणंघेणं नसायचं. तिचं लक्ष खालून सरकणाऱ्या पट्टीवर. नायक आईच्या मांडीवर प्राण सोडतोय आणि त्याच्या छातीवरून 'पोळीभाजी केंद्र, ऑर्डर आदल्या दिवशी द्यावी' सरकत चाललंय. आई म्हणायची, "लिहून घे रे नंबर."

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वरळीचा तो उंच मनोरा लालबागहून फार लांब नाही, पण तिथून आमची गल्ली दिसण्याचं कारण नव्हतं. गल्ली पडद्यावर आली ती केबलवाल्यामुळे. ऐंशीच्या दशकात कुणाच्या तरी खोलीत व्हीसीआर आला आणि गॅलरी-गॅलरीतून वायर फिरली. रात्री भाड्याच्या कॅसेटवर दोन पिक्चर. १९९१ च्या आखाती युद्धानंतर गच्च्यांवर डिश उगवल्या, परदेशी चॅनल आली, पुढच्या वर्षी झी आलं. एवढ्या गर्दीतही केबलवाल्याने एक चॅनल स्वतःसाठी राखून ठेवलं, हे मला त्याचं खरं कर्तृत्व वाटतं.

स्टुडिओ म्हणजे जिन्याखालची खोली. वायर लांब गेली की चित्रात मुंग्या येत, म्हणून मध्ये बूस्टर लावायचा. बूस्टरला वीज हवी, ती वाटेतल्या एखाद्या घरातून घ्यायची आणि त्या घराला केबल फुकट. मे महिन्यात ते कुटुंब मेन स्विच बंद करून कोकणात गेलं की पुढच्या चार चाळींत अंधार. मग सगळे केबलवाल्याच्या नावाने शंख करत.

गणपतीत या चॅनलला खरं बाळसं यायचं. लग्नाचं शूटिंग करणारा पोरगाच आरती, हळदीकुंकू, पाककला स्पर्धा टिपायचा. कॅमेरा समोर आला की बायका पदर सारखा करून दुसरीकडे बघत उभ्या राहायच्या. कॅसेट दोन-तीनदा दाखवली जाई आणि दर वेळी सगळे आपापलं तोंड शोधत बसत. समोरच्या चाळीत दुसऱ्या केबलवाल्याची हद्द, त्यामुळे मावशीला पाककलेचं बक्षीस घेताना स्वतःला पाहायचं तर रस्ता ओलांडून आमच्याकडे यावं लागायचं. बक्षिसात मिळालेली स्टीलची बरणी ती सोबत आणायची. का, ते तिलाच ठाऊक.

१९९५ मध्ये केबलचा कायदा झाला. केबलवाल्याने नोंदणी करायची ती मुख्य पोस्टात! टीव्हीचा आणि पोस्टाचा संबंध सरकारलाच सुचू जाणे. मात्र जिन्याखालच्या खोलीला धक्का दिला तो सेट-टॉप बॉक्सने. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतलं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण बंद होऊन बॉक्स सक्तीचा झाला. चॅनल आता कंपनीच्या मोठ्या कंट्रोल रूममधून येऊ लागली आणि केबलवाला वसुलीपुरता उरला. हल्ली तो इंटरनेटची वायर टाकतो.

बॉक्सवर शोधलं तर आजही लोकल म्हणवणारी चॅनल सापडतात. त्यांची पट्टी अधिक रंगीत आहे, अक्षरं नीट आहेत, शुद्धलेखनही बरं आहे. पण ती अख्ख्या शहराला दिसते, आणि घाटकोपरच्या फर्निचर सेलला लालबागहून जातंय कोण?