तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यातल्या रोबोटला वायर कशाला?

मी आरओव्ही, म्हणजे वरून चालवायचा पाण्याखालचा रोबोट, चालवतो म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे पाण्यातला ड्रोनच ना?’ आणि दुसरा ठरलेला, ‘मग त्याला वायर कशाला? हल्ली सगळं वायरलेस असतं.’ परवा एका साखरपुड्यात श्रीखंड वाढून घेता घेता एका काकांनीही हेच विचारलं. पंगतीत काय सांगणार, हसून सोडून दिलं. आता सांगतो.

घरातलं वायफाय समुद्राच्या पाण्यात वीतभरही जात नाही. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे रेडिओ लहरी तिथल्या तिथे जिरतात. आवाज मात्र लांब जातो, सेकंदाला साधारण 1500 मीटर. त्यावर चालणारे मोडेम असतात, पण ते सेकंदाला काही किलोबिटच पाठवतात. खोली किती, तोंड कुठे, बॅटरी किती उरली, एवढं कळवायला ठीक. एचडी चित्र कॉम्प्रेस न करता जसंच्या तसं वर आणायचं तर सेकंदाला दीड गिगाबिट लागतात. शिवाय 6000 मीटरवरून आवाज वर यायलाच 4 सेकंद. चार सेकंद शिळं चित्र बघत पाइपलाइनला न धडकता चालवून दाखवा!

म्हणून वायर. तिला आम्ही अंबिलिकल म्हणतो, म्हणजे नाळच. बाहेरून वजन पेलायला पोलादी तारा, आत विजेसाठी तांबं आणि मधोमध काचेचे दोन-चार तंतू. ज्यातून उजेड धावतो तो काचेचा गाभा 9 मायक्रॉनचा. केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. एकाच तंतूतून दोन्हीकडची वाहतूक चालते. आमच्याकडे हुकूम 1310 नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडावर खाली जातात, व्हिडिओ आणि सोनारचं (आवाजाने काढलेलं) चित्र 1550 च्या उजेडावर वर येतं. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेचा रोसब 6000 हा 2010 मध्ये मध्य हिंदी महासागरात 5289 मीटरवर उतरला, तोही अशाच नाळेवर.

‘आणि तुटली तर?’ तुटते. जपानचा आरओव्ही काइको 1995 मध्ये चॅलेंजर डीपच्या, म्हणजे महासागरातल्या सगळ्यात खोल जागेच्या, तळाला जाऊन आला आणि 2003 मध्ये केबल तुटून हरवला. अमेरिकेतल्या वुड्स होल या सागर संशोधन संस्थेच्या लोकांनी त्यांच्या नेरियस या यानात वेगळीच शक्कल लढवली. बॅटऱ्या यानातच ठेवल्या, म्हणजे तांबं नको, पोलाद नको. उरला केसासारखा बारीक काचतंतू, 40 किलोमीटरपर्यंत गुंडाळलेला, सोडत जायचा. तो तुटला तर यान आपलं आपण वर येणार. 2009 मध्ये तेही चॅलेंजर डीपला पोहोचलं. मला विचाराल तर या धंद्यातली सगळ्यात देखणी कल्पना तीच.

आमचं दुखणं मात्र तुटण्यापेक्षा वाकण्याचं. मुंबई हायला, समुद्रातल्या तेलक्षेत्रात, पाणी साधारण 75 मीटर, म्हणजे आमच्या हिशेबाने उथळच. एका रात्री पाइपलाइनवर असताना पडदा काळा झाला. जॉयस्टिक हलवली तर थ्रस्टर, म्हणजे यान ढकलणारे पंखे, ऐकत होते, विजेचा काटा हलत होता. हात चालू, डोळे गेलेले. व्हेइकल तळावर बसवलं आणि मी विंचकडे, म्हणजे नाळ गुंडाळायच्या रिळाकडे, धावलो. तिथला जोडण्यांचा जंक्शन बॉक्स उघडला, तर कंट्रोल रूममधून ओरडले, ‘आलं चित्र!’ झाकण लावलं, गेलं. उघडलं, आलं. तीन वेळा हाच खेळ.

काच जास्त वाकली की उजेड बाहेर सांडतो, आणि 1550 चा उजेड 1310 च्या आधी सांडतो. म्हणून हुकूम जात होते, चित्र येत नव्हतं. तंतूत लाल लेझर सोडला, झाकण अर्धवट लावून टॉर्च विझवला आणि फटीतून आत डोकावलो. पिवळ्या पॅचकॉर्डच्या, म्हणजे काचतंतूच्या जोडवायरच्या, वळणावर, एका काळ्या प्लॅस्टिकच्या केबल-टायला लागून, कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका. तो टाय आदल्या दिवशी मीच आवळला होता, बॉक्स ‘नीटनेटका’ दिसावा म्हणून. झाकण त्याच वळणावर दाबत होतं.

टाय कापला, पॅचकॉर्ड ऐसपैस सोडली, जोडणी परत लावली, झाकण बंद केलं. आत येऊन बघतो तर पडद्यावर पाइपलाइन, आणि कॅमेऱ्यापुढे एक भला मोठा गोब्रा मासा, तोंड उघडं टाकून बसलेला. सुपरवायझर माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘आता पुन्हा आवराआवर नको.’