नऊच्या तारा काढून दहाच्या घातल्या आणि...

शेवटी घेतली एकदाची! यामाहा पॅसिफिका ११२ व्ही इलेक्ट्रिक गिटार, ब्रिजपाशी (खाली तारा जिथे टेकतात तिथे) हमबकर (दोन कॉइलचा, तारांचा आवाज पकडणारा पिकअप) आहे आणि टोनचा नॉब वर ओढला की तोच सिंगल कॉइलसारखा वाजतो, म्हणजे एकात दोन. आता चांगली वाजतेय तर वाजवावी ना गपचूप, पण मी हौसेने ९ च्या (बारीक) तारा काढून १० च्या (जरा जाड) घातल्या, ताण वाढला, नेक (गिटारचा दांडा) पुढे वाकली, ब्रिज मागून उचलला गेला आणि बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्टीवर) तारा इतक्या उंच की दाबताना बोटांची पार वाट. मग ॲलन की घेऊन ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक काढणारी सळई) पाव फेरा आवळला (एका दमात जास्त नाही हं), मागचं झाकण काढून ब्रिजला खाली ओढून धरणाऱ्या स्प्रिंगचे स्क्रू घट्ट केले, परत ट्यूनिंग, परत स्क्रू, अख्खा रविवार गेला. बायको म्हणे, वाजवणार कधी? इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागेल असं जुळवणं) राहिलंय अजून, तिसरी तार बाराव्या फ्रेटवर चढी बोलतेय.